मुलाघचे पदक

सन २०२० चा डिसेंबर महिना. साथीमुळे आमची शाळा मार्चपासून बंद होती. वर्गातल्या फळ्यावर शेवटच्या दिवशीची तारीख तशीच राहून गेली होती. मुले मात्र घरात थोडीच थांबतात! कुणी ओढ्यावर, कुणी रानात, आणि क्रिकेटचा सामना असला म्हणजे माझ्या ओसरीवर. मेलबर्नला नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जो कसोटी सामना होतो तो आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होतो. मी टेलिव्हिजनचा संच दाराशी आणून ठेवी, आणि गोधड्या पांघरून पाचसहा पोरे ओसरीवर अंतराअंतराने बसत.

त्या सामन्याची गोडी काही निराळीच होती. आठच दिवसांपूर्वी ॲडलेडला आपला सगळा डाव ३६ धावांत गडगडला होता. कोहली घरी परतला होता. संघाची धुरा आली ती डोंबिवलीच्या लोकलगाडीतून धक्के खात मुंबईच्या मैदानावर जाणाऱ्या अजिंक्य रहाणेकडे. त्याने ११२ धावा काढल्या, आणि २९ डिसेंबरला भारताने तो सामना ८ गडी राखून जिंकला. पोरांनी ओसरी डोक्यावर घेतली. मग बक्षीस-समारंभ झाला. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून रहाणेच्या गळ्यात एक पदक घातले गेले. त्याचे नाव ‘मुलाघ पदक’. ते त्या वर्षीच प्रथम द्यायचे ठरले होते, आणि पहिला मान आपल्या माणसाला मिळाला होता.

“गुरुजी, हा मुलाघ कोण?” सहावीतल्या एका मुलाने विचारले.

मला सांगता आले नाही. इतिहास हा माझा विषय. कादंबऱ्या लिहिण्याच्या निमित्ताने जुने कागद चाळण्याची सवयही आहे. तरी मला ते नाव ठाऊक नव्हते. “उद्या सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी थोडीफार माहिती जमवून मी सांगितले, की हा जॉनी मुलाघ ऑस्ट्रेलियातला आदिवासी होता. १८६८ साली आदिवासींचा एक संघ इंग्लंडला जाऊन क्रिकेट खेळून आला, त्यातला तो सर्वांत मोठा खेळाडू. संघातल्या इतरांची नावेही मी वाचून दाखवली : बुलॉकी, म्हणजे बैलवाला, ट्वोपेनी, म्हणजे दोन पैशांचा, मॉस्किटो, म्हणजे डास, टायगर, म्हणजे वाघ, रेडकॅप, म्हणजे लाल टोपीवाला, सनडाऊन, म्हणजे सूर्यास्त. मुले खदखदून हसली. तो सहावीतला मुलगा तेवढा हसला नाही. तो म्हणाला, “गुरुजी, ह्यांची आई ह्यांना काय म्हणून हाक मारायची?”

ह्या प्रश्नाने मला पुढे पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. का, ते शेवटी सांगेन. आधी ह्या माणसांची गोष्ट सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिम भागातली विस्तीर्ण गवताळ राने म्हणजे जार्डवाजली, वोत्जोबालुक अशा जमातींचा मुलूख. ‘ऑस्ट्रेलियाचे आदिवासी’ असे आपण एका दमात म्हणतो. पण १७८८ साली इंग्रजांची पहिली वसाहत तिथे झाली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या, आणि त्या लोकांची तिथली वस्ती पन्नास हजार वर्षांहून जुनी होती. त्यांना आपण सगळे मिळून एक आहोत, असे काही वाटत नव्हते. जो तो आपापल्या भूमीचा होता. भूमी त्यांच्या मालकीची, असे म्हणण्यापेक्षा ते भूमीच्या मालकीचे, असे म्हटले तर ते अधिक खरे. कोणती टेकडी कोणत्या पूर्वजाने घडवली, कोणत्या झऱ्याचे पाणी कुणी घ्यायचे, कोणत्या ऋतूत गवत पेटवायचे, कोणाशी सोयरीक जुळते आणि कोणाशी बोलायचेही नाही, हे सारे त्या भूमीशी बांधलेले. माणसाचे नावही त्यातच आले.

१८३४ साली ह्या किनाऱ्यावर इंग्रजांनी कायमचे ठाण मांडले, आणि दोन वर्षांत मेजर मिचेल नावाच्या पाहणी-अधिकाऱ्याने आतल्या कुरणांची वाखाणणी केली. मग काय विचारता! मेंढ्यांचे कळप घेऊन गोरे लोक लोटले. कुरणे गेली, झरे गेले. रोगांनी आणि बंदुकांनी माणसे गेली. जी उरली ती आपल्याच रानात, आपल्याच झऱ्याकाठी, परक्याच्या मेंढ्या राखू लागली. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले. गोरे गडी मेंढ्या सोडून खाणींकडे धावले, तेव्हा तर मेंढपाळांना ह्या आदिवासींवाचून गत्यंतरच उरले नाही. ह्या मेंढवाड्यांना तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात.

अशाच एका स्टेशनाच्या परिसरात, हॅरो गावाजवळ, १८४१ च्या सुमारास एक मूल जन्मले. त्याचे नाव उनारिमिन. स्टेशनाचे नाव मुलाघ. म्हणून गोऱ्यांच्या लेखी तो झाला जॉनी मुलाघ. जमीन ज्याची त्याचे नाव जमिनीला मिळायचे, तर इथे जमीन घेणाऱ्याने ठेवलेले नाव त्या माणसालाच चिकटले! बुलॉकीचे खरे नाव बुल्चानाक, रेडकॅपचे ब्रिम्बुन्या, सनडाऊनचे बॉलरिंजारिमिन. इंग्रजांनी आपल्या कानाने ऐकून आपल्या लिपीत उतरवलेली ही रूपे आहेत. उच्चारात इकडचे तिकडे झालेच असेल. पण निदान एवढे तरी उरले.

ह्या लोकांची बुद्धी आणि डोळे किती तयार होते, त्याची एक हकीकत मुलांना फार आवडली. १८६४ च्या ऑगस्टात ह्याच भागात तीन गोरी भावंडे झाडीत वाट चुकली. थोरला आयझॅक नऊ वर्षांचा, बहीण जेन सात वर्षांची, आणि धाकटा फ्रँक चार वर्षांचाही पुरता नव्हता. तिकडे ऑगस्टात कडक थंडी असते. गोऱ्यांनी दिवसचे दिवस रान तुडवले. पावसाने माग पुसून टाकलेले. शेवटी काही आदिवासी मागकऱ्यांना बोलावले. मोडलेली काडी, दबलेले गवत, उलटलेला दगड एवढ्यावरून त्यांनी माग धरला, आणि नवव्या दिवशी तिन्ही मुले जिवंत सापडली. रात्री जेनने आपला झगा काढून धाकट्या भावाच्या अंगावर घातला होता. ही गोष्ट पुढे व्हिक्टोरियाच्या शाळांतल्या वाचनपुस्तकात आली, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी जेनचे कौतुक केले. ते योग्यच होते. परंतु ज्यांनी त्या पोरांना मृत्यूच्या दारातून परत आणले त्यांचे कौतुक त्या मानाने थोडे झाले. त्या मागकऱ्यांत एक होता जुंगुनजिनानुक. गोऱ्यांनी त्याला नाव दिले डिक-ए-डिक. चार वर्षांनी तोच क्रिकेट खेळायला इंग्लंडला गेला.

क्रिकेट ह्या लोकांत आले ते स्टेशनांवरून. मालकांची मुले खेळत. चेंडू आणून द्यायला ही मुले. दगड, भाला आणि बूमरँग फेकणारे हात आणि पळत्या सावजावर ठरणारे डोळे. चेंडू त्यांना काय जड! थोड्याच वर्षांत ते मालकांना भारी पडू लागले. १८६६ साली इडनहोप गावच्या तळ्याकाठी त्यांचा संघ उभा राहिला, आणि त्याला शिकवायला आला टॉम विल्स. हा विल्स म्हणजे त्या काळचा ऑस्ट्रेलियातला अव्वल खेळाडू. लहानपणी आदिवासी मुलांबरोबर वाढलेला; त्यांची भाषा बोलणारा. त्याच्या आयुष्यात एक भयंकर गोष्ट घडून गेली होती. १८६१ साली क्वीन्सलंडमध्ये आदिवासींनी त्याच्या बापाच्या तळावर हल्ला करून १९ माणसे मारली होती. त्यात बापही गेला. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी तिथल्या आदिवासींची जी कत्तल केली ती ह्याहून किती तरी मोठी. आणि पाच वर्षांनी हाच मुलगा आदिवासींना क्रिकेट शिकवायला येतो! त्याच्या मनात काय होते, कोण सांगणार? मी कादंबरीकार आहे. असा प्रसंग मी लिहिला असता, तर टीकाकारांनी अशक्य म्हणून मोडीत काढला असता.

१८६६ च्या २६ डिसेंबरला हा संघ मेलबर्नच्या मैदानावर उतरला. तेच मैदान, नाताळचा तोच दुसरा दिवस. आठ हजारांवर माणसे जमली होती. सामना आदिवासी हरले; पण मुलाघचा खेळ पाहून जाणकारांनी माना डोलवल्या.

पुढच्या वर्षी एका ठेकेदाराने इंग्लंडच्या दौऱ्याची भुरळ घालून त्यांना सिडनीपर्यंत नेले आणि पैशांचा घोळ घातला. त्या ओढाताणीत दारूने आणि आजारांनी काही खेळाडू दगावले. म्हणून दुसऱ्यांदा बेत ठरला तेव्हा आदिवासींच्या ‘संरक्षणा’साठी नेमलेल्या सरकारी मंडळाने विरोध केला. इंग्लंडची हवा ह्यांना मानवणार नाही, ही भीती खोटी नव्हती. परंतु ह्या तेरा जणांना कुणी विचारले नाही. ना नेणाऱ्यांनी, ना अडवणाऱ्यांनी. मंडळाला चुकवून चार्ल्स लॉरेन्स नावाचा इंग्रज खेळाडू त्यांना सिडनीला घेऊन गेला, आणि ८ फेब्रुवारी १८६८ ला लोकर वाहणाऱ्या ‘पॅरामाटा’ जहाजाने ते निघाले. १३ मे रोजी इंग्लंडला पोहोचले. तीन महिन्यांचा प्रवास! ज्यांची नाळ एका झऱ्याशी बांधलेली, ती माणसे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उतरली.

वाचकहो, ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला तो हा पहिला. गोऱ्यांचा संघ गेला त्यानंतर दहा वर्षांनी, १८७८ मध्ये. आपल्या मुंबईचे पारशी गेले १८८६ मध्ये. ह्या तेरा जणांचा क्रम सर्वांच्या आधीचा.

मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. तेरांतले दोघे, सनडाऊन आणि जिम क्रो, आजारामुळे ऑगस्टात परत पाठवले गेले. तरी उरलेल्यांनी गाडा ओढला. एकट्या मुलाघने ४५ सामन्यांत १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. जूनमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर खुद्द एम.सी.सी.शी सामना झाला. समोर उमराव आणि सरदार. पहिल्या डावात आदिवासींनी १८५ धावा करून आघाडी घेतली; त्यांत मुलाघच्या ७५. दुसऱ्या डावात ४५ धावांत बाद झाले आणि ५५ धावांनी हरले, ही गोष्ट वेगळी.

पण लोक येत ते केवळ क्रिकेट पाहायला नव्हे. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला होता, आणि माणसाच्या पूर्वजांविषयी इंग्लंडात जिकडेतिकडे चर्चा चालली होती. ‘रानटी माणूस’ बॅट कशी धरतो, हे पाहायची लोकांना उत्सुकता. म्हणून खेळ संपला की दुसरा खेळ सुरू होई. ह्या खेळाडूंनी बूमरँग आणि भाले फेकून दाखवायचे. डिक-ए-डिक हातात एक अरुंद ढाल आणि एक सोटा घेऊन उभा राही आणि प्रेक्षकांनी जवळून आपल्यावर क्रिकेटचे चेंडू मारावेत, असे आव्हान देई. तिघेचौघे मिळून मारत. तो ढालीवर आणि सोट्यावर सगळे परतवून लावी. चेंडू लागे तो क्वचितच. तो सोटा आजही लॉर्ड्सच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ते चित्र आधी गमतीचेच वाटले. मग मनात आले, दिवसभर लॉर्ड्सवर सरदारांच्या बरोबरीने खेळलेला माणूस संध्याकाळी अंगावर चेंडू झेलायला उभा राहतो! पण थोडे थांबून दुसरीही बाजू दिसली. तो सोटा आणि ती ढाल त्याच्या बापजाद्यांची विद्या होती. क्रिकेटची बॅट त्याला दुसऱ्याने दिली. हे त्याचे स्वतःचे होते. हजारो माणसांसमोर आपली विद्या दाखवताना त्याला लाज वाटत होती की अभिमान? पाहणाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले. पण ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी.

२४ जून १८६८ ला किंग कोल लंडनमध्ये क्षयाने मरण पावला. त्याचे नाव ब्रिपुम्यारिमिन. लंडनच्या पूर्व भागातल्या एका दफनभूमीत त्याला पुरले. पुढे त्या दफनभूमीची बाग झाली. जन्मभूमीपासून दूर मेलेल्या माणसाचे काय होते, ह्याविषयी त्याच्या लोकांच्या कल्पना आपल्याहून फार खोल आहेत. भूमीतून आलेला जीव त्याच भूमीत परत गेला पाहिजे. १९८८ साली आदिवासींचा दुसरा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ त्या बागेत निलगिरीचे एक झाड लावण्यात आले. त्याला घरी नेता आले नाही, म्हणून घरचे झाड त्याच्यापाशी आणले.

पहिला संघ १८६८ चा आणि दुसरा १९८८ चा. मधली १२० वर्षे कुठे गेली?

१८६९ च्या फेब्रुवारीत खेळाडू सिडनीला परतले. त्याच वर्षी व्हिक्टोरियाने आदिवासींच्या संरक्षणाचा कायदा केला. आदिवासीने कुठे राहावे, कुणाकडे काम करावे, त्याची मजुरी कुणाच्या हाती द्यावी, त्याची मुले कुणी सांभाळावीत, हे सारे ठरवण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. आता कुणी लॉरेन्स आला असता तरी त्यांना नेऊ शकला नसता. ‘संरक्षण’ ह्या शब्दाचा असा उपयोग पाहिला म्हणजे शब्दकोश मिटून ठेवावासा वाटतो. १८८६ च्या दुसऱ्या कायद्याने मिश्र रक्ताच्या तरुणांना त्यांच्याच वस्त्यांतून बाहेर काढले. आई आत, मुलगा बाहेर! पुढे सबंध देशात आदिवासी मुलांना आईबापांपासून हिरावून सरकारी आश्रमांत आणि गोऱ्यांच्या घरांत ठेवण्याचा क्रम चालला, तो १९७० च्या सुमारापर्यंत. त्यांची भाषा सोडवली, नावे बदलली. आपले कोण, हे कित्येकांना मरेपर्यंत कळले नाही. १९३१ साली क्वीन्सलंडच्या एडी गिल्बर्टने खुद्द ब्रॅडमनला शून्यावर बाद केले. पण त्या आदिवासी गोलंदाजाला वस्तीबाहेर सामन्याला जायचे, तर सरकारी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागे.

मुलाघने काय केले? काही काळ तो मेलबर्नच्या क्लबाकडून पगारी खेळाडू म्हणून खेळला, आणि मग आपल्या मुलखात परतला. मेंढ्या कातरायच्या, सुटीला हॅरोच्या संघातून खेळायचे. १८७९ साली लॉर्ड हॅरिसचा इंग्रज संघ आला तेव्हा व्हिक्टोरियाने त्याला बोलावले, आणि दुसऱ्या डावात त्याने आपल्या संघातर्फे सर्वांत जास्त, ३६ धावा केल्या. हाच लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाच्या ढालीसाठी मुंबईतली शाळकरी मुले अजून घाम गाळतात. जग असे लहान आहे!

मुलाघविषयी एक हकीकत सांगतात. संघ सामन्यासाठी परगावी गेला होता. मुक्कामाच्या ठिकाणी मालकाने इतरांना घरात खोल्या दिल्या आणि ह्याला अंगणापलीकडे, तबेल्याशेजारची जागा दाखवली. काळ्या माणसाला एवढी पुष्कळ झाली, असे वर म्हणाला. मुलाघ भांडला नाही. तबेल्याजवळही झोपला नाही. रात्रभर उघड्यावर, आकाशाखाली पडून राहिला.

ही हकीकत वाचताना मला आपला पालवणकर बाळू आठवला. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याला साहेबांच्या क्लबात मैदानाची झाडलोट करता करता डावखुरा गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, कारण त्याच्यावाचून साहेबांना हरवता येत नव्हते. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाले. मेलबर्नच्या गोऱ्याला नावे ठेवताना आपल्या अंगणातला मातीचा पेला विसरता येत नाही.

मुलाघ १४ ऑगस्ट १८९१ ला, आपल्याच मुलखात गेला. हॅरोच्या स्मशानात त्याला पुरताना गावकऱ्यांनी त्याची बॅट आणि यष्ट्या त्याच्याबरोबर ठेवल्या. ज्यांनी मुलूख घेतला त्यांच्याच नातवंडांनी डोळे पुसले. माणसाचे मन असे आहे. एकाच हाताने घेते आणि त्याच हाताने फुले वाहते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी राज्यघटनेतली आदिवासींना वगळणारी कलमे बदलायला संमती दिली. १९९२ मध्ये माबो खटल्यात न्यायालयाने मान्य केले, की इंग्रज आले तेव्हा ती जमीन बेवारस नव्हती. हिरावलेल्या मुलांविषयी १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली. आणि १४ ऑक्टोबर २०२३ ला, आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे मंडळ घटनेत असावे काय, ह्यावर पुन्हा सार्वमत झाले. शंभरांतल्या साठ जणांनी ‘नको’ म्हटले. इतिहास सरळ रेषेत पुढे जातो, असे मी वर्गात कधी सांगत नाही, ते एवढ्यासाठीच.

त्यांच्या चालीरीतींतली एक गोष्ट मात्र माझ्या मनात घोळत राहिली. त्यांच्यातल्या अनेक जमातींत मेलेल्या माणसाचे नाव उच्चारायचे नाही, असा दंडक आहे. नाव घेतले तर आत्म्याच्या वाटेत अडथळा येतो. घरात त्याच नावाचा दुसरा कोणी असला, तर त्यालाही काही काळ वेगळ्या नावाने हाक मारतात. म्हणून तिकडे मृत आदिवासींची नावे वा छायाचित्रे दाखवण्याआधी टेलिव्हिजनवर तशी सूचना देतात. आपण मेलेल्याचे नाव नातवाला ठेवतो, ते मिटवून ठेवतात. दोन्हींत नाव ही साधी वस्तू नाही, ही जाण एकच. नाव म्हणजे माणसाचाच एक तुकडा. मग ज्याने नाव बदलले त्याने काय घेतले, ह्याचा हिशेब कोण करणार?

रहाणेच्या गळ्यातले पदक म्हणजे १८६८ च्या त्या संघाच्या कमरपट्ट्याच्या बकलाची प्रतिकृती. दुसऱ्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, त्याच मैदानावर स्कॉट बोलंड नावाचा गोलंदाज पहिलाच कसोटी सामना खेळला. चार षटकांत ७ धावा देऊन त्याने इंग्लंडचे ६ गडी बाद केले आणि मुलाघ पदक मिळवले. हा बोलंड गुलिजान जमातीचा. आईकडच्या आजोबांना लहानपणी दुसऱ्यांनी दत्तक घेतलेले. त्यामुळे आपण आदिवासी आहोत, हे त्या घराला उशिराच कळले. बोलंड तोवर जाणता झाला होता. २०१८ साली पहिल्या दौऱ्याच्या दीडशेव्या वर्षी आदिवासींचा संघ इंग्लंडला गेला, त्यात तो आणि त्याचा भाऊ दोघेही होते. हरवलेले नाव दोन पिढ्यांनी घरी आले, आणि आल्या आल्या सहा गडी बाद करून बसले!

आता त्या सहावीतल्या मुलाकडे येतो.

तो आमच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. त्या लोकांत ज्या वारी मूल जन्मेल त्या वाराचे नाव त्याला देण्याची रीत आहे. आईने पहिलीत घालायला आणले तेव्हा तिने सांगितलेले नाव तसेच होते. मी हसलो, आणि म्हणालो, “अहो बाई, हे काय नाव! शाळेत मुले चिडवतील.” आणि त्या वाराशी जुळणारे एक चांगले, सुशिक्षित वाटणारे नाव मी पटावर लिहिले. तिने मान हलवली. गुरुजी म्हणतात, तर तसे. त्यात वाईट हेतू नव्हता. त्याचे भले व्हावे, असेच मला वाटत होते. पण बुल्चानाकला ‘बुलॉकी’ म्हणणाऱ्या स्टेशनमालकाचाही हेतू काही वाईट नसावा. त्याला एवढेच वाटले असेल, की हे उच्चारायला सोपे.

“ह्यांची आई ह्यांना काय म्हणून हाक मारायची?” हे त्या मुलाने का विचारले, ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगले.

२७ जानेवारी २०२१ ला पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले. आदल्या संध्याकाळी मी पाड्यावर गेलो. आई चुलीपाशी होती. मी म्हणालो, “बाई, पोराचं नाव मी चुकीचं लिहिलं. दुरुस्तीसाठी अर्ज करता येईल.” तिला त्यात एवढे काय, हे समजेना. मुलगाच म्हणाला, “राहू द्या गुरुजी. दाखल्यावर आता ते असू दे. पुढं घोळ होतो कागदाचा.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण तुम्ही हाक मारताना आईचं नाव घेतलं तर चालेल.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावरची मार्चची तारीख पुसली, नवी लिहिली, आणि हजेरी घेतली. त्याचा क्रमांक आला तेव्हा पटावरचे नाव बाजूला ठेवून मी त्याच्या वाराचे नाव घेतले. मुलांनी माना वळवून पाहिले. कुणी चिडवले नाही.

“हजर,” तो म्हणाला.